मोजपट्टी आता तिकडं धरा

डिसेंबर २०२३. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. सारथीच्या फेलोशिपच्या जागांचा विषय निघाला आणि त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार भर सभागृहात विचारून बसले की ही पोरं पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत? पुढं सारवासारव झाली. पेपरवाल्यांनी दोन दिवस चघळलं आणि थुंकून टाकलं. मी अजून गिळलेलं नाही. कारण हा प्रश्न एकट्या पुढाऱ्याचा नाही. तो आमच्या घोडेगावच्या चौकात टपरीवर विचारला जातो. गोदीच्या गेटवर विचारला जातो. आणि खाली मान घालून सांगायची गोष्ट म्हणजे आपल्या स्वतःच्या बैठकीतही विचारला जातो. त्यातून पीएच.डी. मानसशास्त्रातली असली तर मग बघायलाच नको. ‘मनाचं शास्त्र? च्यायला, इथं पोटाचं भागंना अन् ह्यांना मन सुचतंय!’

मी मॅट्रिक. दिवसा गोदीत ठेकेदाराच्या हजेरीवर, रात्री कवितेच्या. माझ्या नावामागं डॉक्टर लागणार नाही, मला त्याची हावही नाही. म्हणून ह्या भांडणात माझा स्वार्थ नाही. आपल्या वस्त्यांतून, आपल्या बोर्डिंगांतून, बापाच्या हमालीवर आणि आईच्या धुण्याभांड्यावर शिकून ज्या पोरापोरींनी माणसाच्या मनावर प्रबंध लिहिले, त्यांचा जयजयकार मी इथं जाहीरपणे करतोय. कुणाला पोटदुखी झाली तर ओवा खा.

पहिलं भांडण आपल्यातल्यांशी. आपल्यातले काही भाई म्हणतात, डिग्री घेतली की पोरगं ब्लॉकमध्ये जातं, दारावर आडनाव बदलून पाटी लावतं, वस्तीचा वास येतो म्हणून खिडकी लावून घेतं. खरंय. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात खुद्द बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी दगा दिल्याचं दुःख बोलून दाखवलं. पण त्या भाषणाचा अर्थ ‘शिकू नका’ असा लावणारा एक तर मूर्ख आहे नाही तर पुढाऱ्याचा चमचा. हिशोब करा. बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठानं पीएच.डी. दिली १९२७ साली. प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर. रुक्ष, आकडेवारीनं गच्च. आणि त्याच १९२७ च्या २० मार्चला ते महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्याले. एकच माणूस, एकच साल. प्रबंध लिहिणारा हात आणि पाण्यात उतरलेला हात वेगवेगळे करून दाखवा पाहू.

आणि पँथर म्हणता? ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या थोरल्यांनी नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचा ह्यूई न्यूटन. बंदूकवाला ह्यूई. त्यानं १९८० साली कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठातून पीएच.डी. घेतली. विषय काय, तर सरकारनं पँथरांना कसं चिरडलं. ज्याला चिरडलं त्यानंच चिरडण्याचा प्रबंध लिहिला. ह्याला म्हणतात दिवा लावणं.

आता पोट आणि मन. हे दोन वेगळे कप्पे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे नावाच्या दोन बायांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात एक प्रयोग केला, तो २००४ साली छापून आला. बाया अर्थशास्त्राच्या, पण काम मनाचं. सहावी-सातवीतली मुलं घेतली. ३२१ वरच्या जातींची, ३२१ खालच्या मानलेल्या जातींची. त्यांना कागदावरची वाट शोधायची कोडी दिली, सुटलेल्या कोड्यामागं रुपया. जात कुणीच पुकारली नाही तोवर दोन्हीकडची पोरं सारखीच. फरक नाही. मग सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, जात मोठ्यानं वाचली. झालं! आपली पोरं खाली आली. तीच पोरं, तोच मेंदू, तीच पेन्सिल. फक्त मास्तरानं हजेरी घेतल्यागत जात वाचली, आणि हातातले रुपये कमी झाले. कुठं संपलं मन आणि कुठं सुरू झालं पोट, सांगा की. हा आकडा कुणी तरी बसून मोजला म्हणून मी आज तुमच्या तोंडावर फेकू शकतो. नाही तर आपण नुसतंच ‘अन्याय, अन्याय’ ओरडत बसलो असतो आणि समोरचा म्हणाला असता, पुरावा काय?

पुरावा काय! ह्या दोन शब्दांनी आपल्या सात पिढ्या गाडल्यात.

म्हणून मला मेमी क्लार्कची गोष्ट सांगायचीय. ही गोष्ट आपल्या प्रत्येक वसतिगृहात भिंतीवर लिहायला पाहिजे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातली काळी मुलगी. त्या राज्यात काळ्यांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी. हॉवर्ड विद्यापीठात एम.ए. करताना तिनं विषय घेतला, काळ्या लेकरांना आपण काळे आहोत हे कधी कळतं आणि कळल्यावर त्यांचं काय होतं. पुढं नवरा केनेथ आणि ती मिळून हे काम वाढवत गेले. दोघं कोलंबियात मानसशास्त्राचे डॉक्टर झाले, तो १९४० साली, ती १९४३ साली. हो, तेच कोलंबिया. आपल्या भीमरावाचं कोलंबिया.

त्यांनी काय केलं? बाहुल्या घेतल्या. काही काळ्या, काही गोऱ्या, बाकी सगळं सारखं. तीन ते सात वर्षांची २५३ काळी लेकरं. विचारलं, खेळायला कुठली पाहिजे? चांगली कुठली? वाईट कुठली? तीनातल्या दोघांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. वाईट म्हणून बहुतेक बोटं काळीकडं गेली. आणि शेवटी विचारलं, ‘तुझ्यासारखी दिसते ती कुठली?’ तेव्हा काही लेकरं रडायला लागली. काही उठून पळाली.

दोस्तहो, मी घोडेगावचा आहे. मला बाहुल्यांची गरज नाही. शाळेतल्या गॅदरिंगमध्ये राजा कुणाला करतात आणि राक्षस कुणाला, हे मला दुसरीत कळलं होतं. पण माझं कळणं कोर्टात चालत नाही. मेमीच्या बाहुल्या चालल्या. १७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. त्या निकालाच्या अकराव्या तळटीपेत पहिलं नाव केनेथ क्लार्कच्या कामाचं आहे. तळटीप! ज्या बारीक अक्षरांना आपण ओलांडून पुढं जातो तिथून एक भिंत खाली आली.

आणि खरी मजा अजून पुढंच आहे. मेमीचा कोलंबियातला गाईड होता हेन्री गॅरेट. मोठा माणूस, अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेचा १९४६ सालचा अध्यक्ष. आणि पक्का वर्णभेदी. काळ्यांची बुद्धी जन्मानंच कमी असं मानणारा. १९५२ साली व्हर्जिनियातला शाळांचा खटला उभा राहिला, तेव्हा हा गॅरेट वेगळ्या शाळांच्या बाजूनं साक्षीला उतरला. त्याला उत्तर द्यायला वकिलांनी कुणाला उभं केलं? त्याच्याच विद्यार्थिनीला. मेमीला. ज्यानं तिच्या प्रबंधावर सही केली त्याच्या समोर ती उभी राहिली आणि त्याचं शास्त्र तिनं त्याच्याच हत्यारानं फाडलं. विद्यापीठात गाईडच्या घरी भाजीची पिशवी पोचवणाऱ्या आमच्या संशोधकांनो, हे नीट वाचा. गाईडची सही प्रबंधावर असते. कपाळावर नसते.

काम संपवून ती मोठ्या नोकरीच्या खुर्चीत गेली नाही. १९४६ मध्ये नवरा-बायकोनं न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत लेकरांसाठी केंद्र काढलं. वस्तीतली पोरं मतिमंद ठरवून बाजूला टाकली जात होती, त्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यातली कितीतरी धडधाकट निघाली.

सगळ्यांच्या नशिबी सही नसते हेही खरं. फ्रान्झ फॅनन. मार्टिनिक बेटावरचा काळा पोरगा, फ्रान्सच्या ल्याँ शहरात डॉक्टरकी शिकत होता. काळ्या माणसाच्या मनात गोऱ्यांच्या राज्यानं काय काय करून ठेवलंय ते त्यानं प्रबंध म्हणून लिहून दिलं. नामंजूर! मग १९५१ साली मज्जासंस्थेच्या एका रोगावर चाकोरीतला दुसरा प्रबंध देऊन त्यानं डिग्री घेतली. नाकारलेला मजकूर १९५२ मध्ये ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ म्हणून बाहेर आला आणि जगभर गेला. मंजूर झालेला प्रबंध आज कोण वाचतं?

आता आपल्या देशात या. हिंदुस्थानातल्या विद्यापीठानं मानसशास्त्रात दिलेली पहिली डॉक्टरेट म्हणून गिरीन्द्रशेखर बोस यांचं नाव घेतात. कलकत्ता, १९२१. आणि विषय बघा, दमन! मनातल्या इच्छा माणूस कशा दाबतो त्याचा सिद्धांत. बोस विद्वान माणूस, पुढं खुद्द फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार चालायचा. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण मराठीत दमन ह्या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक दमन आतलं, इच्छेचं. दुसरं गावाबाहेरच्या वस्तीचं. पहिल्यावर १९२१ सालीच प्रबंध झाला. दुसऱ्याला विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात खुर्ची मिळायला किती दशकं जावी लागली! बंगल्यातल्या माणसाला स्वप्नात साप दिसला की त्याचं शास्त्र होतं. आमच्या आज्ज्याला जागेपणी पाटलाचा कुत्रा अंगावर घातलेला दिसायचा, त्याची नुसती अंधश्रद्धेत नाही तर अज्ञानात गणना.

मग आलं मोजमाप. बुद्धी मोजायची फ्रेंच चाचणी अमेरिकेत सुधारली, ती व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, त्यावरचं पुस्तक १९४० साली निघालं. कामत टेस्ट. मेहनतीचं काम, नाकारत नाही. पण मोजपट्टी कुठलीही असो, ती नेहमी वरून खाली धरली जाते. आमच्या घोडेगावचा जनावरांचा बाजार नावाजलेला. व्यापारी बैलाचा जबडा उघडतो, दात बघतो, वय सांगतो, भाव पाडतो. बैलानं व्यापाऱ्याचा जबडा उघडलेला मी अजून पाहिलेला नाही. मानसशास्त्रात शंभर वर्षं हाच बाजार चाललाय. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान मोजा. झोपडपट्टीतल्या मुलांची आक्रमकता मोजा. दलित स्त्रियांची चिंता मोजा. जबडे आमचेच, दात आमचेच.

मागच्या वर्षी गोदीच्या गेटवर एक पोरगी आली. आपलीच, बोलण्यावरून मराठवाड्याकडची. हातात प्रश्नावलीचा गठ्ठा. पाळी सुटायची वेळ, आम्ही स्टीलच्या कॉइलींशी झटून आलेलो, अंगाला ग्रीस. तिच्या कागदावर प्रत्येक वाक्यापुढं पाच चौकोन, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. कामातून समाधान मिळतं का, स्वतःविषयी अभिमान वाटतो का, असलं काहीतरी. आमच्या गँगमधला म्हातारा म्हणाला, ‘पोरी, तुला ज्यानं पास करतील तिथं फुली मार. माझी हरकत नाही.’ सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्यानं विचारलं, ‘ताई, हा कागद ठेकेदाराला दिला का? त्याला रात्री झोप लागते का ते विचारा की.’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘दादा, तो माझा विषय नाही. तो विषय मंजूर होणार नाही.’

तिनं गठ्ठा पिशवीत ठेवला आणि तासभर नुसती ऐकत बसली. तिचा प्रबंध पुरा झाला की नाही मला माहीत नाही. झाला असेल तर माझा पहिला सलाम तिला. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो विषय मंजूर होणार नाही.

कुठला विषय? सांगतो.

घोडेगावातून शिंगणापूरला फाटा जातो. शनीच्या गावात घरांना दारं नाहीत म्हणून सगळा देश बघायला येतो. २०११ मध्ये तिथं बँक आली तीही कुलपाशिवाय. चोरी करणाऱ्याला देव बघून घेतो असा विश्वास. पण त्याच देवाच्या चौथऱ्यावर बाईमाणसाला चढायला ८ एप्रिल २०१६ चा गुढीपाडवा उजाडावा लागला, तेही उच्च न्यायालयानं कान पिळल्यावर. म्हणजे उंबऱ्याला दार नाही, आणि चौथऱ्याला होतं. ह्यावर प्रबंध पाहिजे. दार नसलेल्या गावातल्या माणसाच्या डोक्यातली दारं कोण मोजणार?

त्याच टापूत सोनई. जानेवारी २०१३. मेहतर समाजाचे तीन तरुण. त्यातल्या एकाचं वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम. सेप्टिक टँक साफ करायच्या निमित्तानं बोलावलं आणि तिघांना तोडलं. २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. त्याच आमच्या जिल्ह्यात खर्डा. एप्रिल २०१४. शाळेत जाणारं पोरगं, मुलीशी बोलतो म्हणून मारून झाडाला टांगलं. साक्षीदार फिरले. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

कायद्याचं कायद्यानं बघावं. मी मनाचं विचारतो. टँक साफ करायला ज्या जातीला बोलवायचं, त्याच जातीला त्याच टँकपाशी संपवायचं, हे ज्या डोक्यात शिजतं ते डोकं आतून कसं असतं? घरी लेकरांचे लाड करणारा, वारीला जाणारा, सोसायटीचं कर्ज वेळेवर फेडणारा माणूस लेकीच्या एका नजरेनं कसाई कसा होतो? आणि तो साक्षीदार, ज्यानं बघितलं आणि कोर्टात म्हणाला मी काही बघितलं नाही, त्याला घरी आल्यावर जेवण जातं का? काढा त्यांच्यासाठी प्रश्नावली. पाच चौकोन. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. आत्मसन्मान मोजा त्यांचा! १९३६ सालीच बाबासाहेबांनी जातीला मनाची अवस्था म्हटलं होतं. कुणाच्या मनाची? आजार एकाला आणि रक्त तपासायचं दुसऱ्याचं, हा कुठला दवाखाना?

हे काम होत नाही असं नाही, म्हणून तर मी आज पेढे वाटायच्या गोष्टी करतोय. यशपाल जोगदंड. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात २०१५ ला पीएच.डी. विषय अवमान. अवमान म्हणजे नेमकं काय, तो कसा सोसला जातो, त्यातून पुढं काय होतं. त्यात जातीचा अनुभव मधोमध. पुढं ते आयआयटी दिल्लीत मानसशास्त्र शिकवू लागले. मला ह्या विषयाची नस माझ्या भाषेत अशी लागते. लाज वेगळी, अवमान वेगळा. लाज वाटते तेव्हा माणूस मनातून कबूल करतो की समोरचा म्हणतो ते खरं, मी हलकाच. अवमान जाणवतो तेव्हा तो म्हणतो, तू खोटा आहेस आणि तुला हक्क नव्हता. माझ्या आज्ज्याला लाज वाटायची. बापाला कधी लाज वाटायची, कधी राग यायचा. मला फक्त राग येतो. ह्या तीन पिढ्यांच्या मधे जे घडलं ते बाबासाहेबांनी घडवलं, आणि ते मोजायचं शास्त्र आता आपल्या हातात येतंय. लहान गोष्ट आहे का ही?

आणि हे हातात येतंय तेवढ्यात नळ बंद करायची घाई बघा. अल्पसंख्याकांच्या पोरांची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद. बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसले. पाळी संपवून मी दोनदा गेलो होतो. ताडपत्रीवर माणसं प्रबंधाची प्रकरणं दुरुस्त करत होती, बाजूला घोषणा चालू, एका बाईच्या मांडीवर लेकरू, लेकराच्या अंगावर संदर्भग्रंथांच्या झेरॉक्सा. ह्यांना विचारताय काय दिवे लावणार? आणि १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला, तो पीएच.डी.चाच विद्यार्थी होता, फेलोशिपचे पैसे महिनोन्‌महिने अडकलेले. एका संशोधकाचं मन विद्यापीठाच्या आवारात कसं तुटतं, हा विषय मंजूर करणारी समिती कुठं आहे?

आता डॉक्टर झालेल्यांशी शेवटचं बोलतो, भावाच्या नात्यानं. तुमचे प्रबंध शोधगंगेवर इंग्रजीत पडून आहेत. काळी जाड बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, विद्यापीठाच्या कपाटात वाळवी. ज्यांच्या जबड्यात बोटं घालून तुम्ही आकडे काढले, त्यांना निकाल कुणी सांगितला? दवाखान्यात रक्त काढलं तरी संध्याकाळी रिपोर्ट हातात देतात. आमचा रिपोर्ट कुठाय?

घोडेगावात आमच्या वस्तीत विहार आहे. पत्रा नवा टाकलाय, पंखे दोन, त्यातला एक चालतो. पौर्णिमेला माणसं जमतात. मानसशास्त्रात पीएच.डी. झालेल्या कुणीही आपल्यातल्यानं यावं, आपला प्रबंध मराठीत तासभर सांगावा. येण्याजाण्याची एसटी आमच्याकडं, जेवण आमच्याकडं, राहायचं असलं तर आमच्या घरी. शाल-नारळ मिळणार नाही. प्रश्न मात्र मिळतील, आणि म्हातारी माणसं आडवेतिडवे विचारतात, तयारीनं या. सोनईचा, खर्ड्याचा विषय घ्यायची ज्याची हिंमत असेल त्यानं आधी कळवावं, त्या दिवशी मी गोदीतून खाडा टाकून येतो.